मावशी, ते पोलीस नाहीत गं

काल नौपाड्यात मावशीकडे गेलो तर काकांनी वीजबिलाच्या नावाने व्हॉट्सॅपवर आलेली एपीके फाईल (फोनमध्ये ॲप टाकायची फाईल) चक्क इन्स्टॉल करून ठेवलेली, आणि मावशी म्हणते ते दिल्लीचं सर्ट-इन का काय त्यांना फोन लाव. आधी नेट बंद केलं. मग सांगितलं, पैसे गेले तर १९३० ला फोन, ती गृहखात्याची हेल्पलाईन. सर्ट-इन म्हणजे पोलीस नाहीत, सायबर सुरक्षेचं सरकारी पथक, २००४ पासूनचं, आयटी मंत्रालयाखालचं, धोक्याच्या सूचना काढतं, हल्ला झाला की कंपन्यांना सावरायला मदत करतं, आणि २०२२ पासून असं काही लक्षात आलं की कंपन्यांना ६ तासांत त्यांना कळवावंच लागतं (आमच्या ऑफिसात ६ तासांत साधी मीटिंग ठरत नाही). काकांचं वेगळंच, "मग बिल भरायचंय की नाही?"