बूस्ट तेवढाच होता

इंजिन स्टँडवर होतं, प्लेनम (सिलिंडरना हवा वाटणारं वरचं खोकं) हाताशी होतं, खाली इंधन फवारणारे इंजेक्टर, आणि मी म्हणालो, "इंजेक्टर राहू द्या." त्याला तीन आठवडे झाले तरी ते वाक्य डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहायला बसलोय.

गाडी निसान ३००झेडएक्स, ट्विन टर्बोवाली, १९८९ ला आलेली ती पिढी. तीन लिटरचं व्ही-सिक्स, ३०० हॉर्सपॉवर, आणि बॉनेट उघडलं की पाना सोडा, बोट घालायलासुद्धा जागा नाही. दोन टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात हवा कोंबणारे पंखे, दोन बाजूंना, पार खाली. गाडीत ठेवून बदलता येतात म्हणणारे आहेत, पण मी गिअरबॉक्ससकट इंजिन खालीच घेतो. बाहेरच्यांना वाटतं टर्बो बदलायचा म्हणजे चार बोल्ट काढा आणि चार लावा, पण इथे निम्मा वेळ मॅनिफोल्डच्या गंजलेल्या स्टडवर जातो. तेल सोडा, गरम करा, थंड होऊ द्या, परत तेल सोडा. घाई केली की स्टड हेडमधे तुटलाच म्हणून समजा, मग ड्रिल धरून दिवस गेला.

मालकांचं म्हणणं साधं होतं. गाडी स्टॉकच हवी, फक्त टर्बो जरा मोठे. ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर), इंजेक्टर, पंप, एक्झॉस्ट, सगळं कंपनीचंच. बूस्ट, म्हणजे टर्बोने दिलेला हवेचा दाब, तोही कंपनीचाच, ०.६ बारच्या आसपास. पार्ट विकणाऱ्याने त्यांना सांगितलं होतं की बूस्ट वाढवला नाही तर काहीच बदलावं लागत नाही. हे विकणारे एकदा डबा हातात दिला की परत दिसत नाहीत, इंजिन उघडायची वेळ आमच्यावर येते. पण त्या दिवशी मलाही ते पटलं होतं. बूस्ट तेवढाच तर इंधनही तेवढंच, असा सरळ हिशोब मी केला.

बसवण्याचं काम मात्र जीव ओतून केलं. टर्बोच्या शाफ्टला रबरी सील नसतं, पिस्टन रिंगसारखी बारीक रिंग असते, त्यामुळे आत आलेलं तेल आपल्या वजनाने खाली सांडायला ड्रेन मोकळा लागतो. त्या ड्रेनच्या फ्लँजला, म्हणजे जोडाला, सिलिकॉन जास्त झालं की ते आत दाबलं जातं, वाट अडते, आणि नवाकोरा टर्बो निळा धूर सोडायला लागतो. मग टर्बोला शिव्या. आमच्या पोराने ट्यूब हातात घेतली होती, मी काढून घेतली. कोरडं गॅस्केट, साफ घासलेले दोन्ही चेहरे, बॅन्जो बोल्टना नवे तांब्याचे वॉशर. फ्युएल पंपचा फ्यूज काढून, स्पार्क बंद करून, ऑइल प्रेशरचा काटा उठेपर्यंत नुसता स्टार्टर मारला, मधेमधे त्याला विश्रांती देत. पहिल्यांदा चालू केलं तेव्हा धूर नाही, थेंब नाही. पोरगा म्हणाला, "दादा, नवीन गाडी वाटते." मलाही तसंच वाटलं.

मग डायनो, म्हणजे गाडी रोलरवर पळवून ताकद मोजायचं यंत्र. डाउनपाइपला (टर्बोनंतरच्या एक्झॉस्ट पाइपला) हवा-इंधनाचं प्रमाण मोजणारा वाइडबँड सेन्सर लावला होता, लॅपटॉपवर इंजेक्टरची पल्स, म्हणजे तो किती वेळ उघडा राहतो ते, दिसत होती. पहिला पुल, म्हणजे पूर्ण ॲक्सिलरेटरची धाव, ५००० आरपीएमपर्यंतच, सगळं छान. दुसरा वरपर्यंत न्यायचा होता. मालक काचेपलीकडे उभे होते, मोबाइल धरून.

५२०० ला मिक्श्चर ११.४, म्हणजे एक भाग इंधनाला ११.४ भाग हवा. बूस्टमधे एवढं रिच, म्हणजे इंधन जास्त, हवंच; आकडा चढला की इंधन कमी पडतंय. ५९०० ला १२.३. तिथेच पोटात गोळा आला पण पाय उचलायला अजून अर्धा-पाऊण सेकंद गेला असेल, आणि ६२०० ला काटा १२.९ वर होता तेव्हा मी पाय काढला. गाडी जोरात ओढत होती, एक खटकासुद्धा ऐकू आला नाही. मालकांनी अंगठा वर केला.

मी बूस्टचा लॉग बघितला. ०.६. सरळ रेघ. पल्स बघितली तेव्हा कळलं. ६२०० आरपीएमला इंजिनच्या दोन फेऱ्यांना १९.३५ मिलिसेकंद लागतात आणि इंजेक्टर त्यातले १९.१ उघडा होता. म्हणजे नळ पूर्ण सोडलेला, आणखी पाणी येणार कुठून? कंपनीचे इंजेक्टर मिनिटाला ३७० सीसीचे, त्यांचा जीव ३०० हॉर्सपॉवरलाच जवळजवळ संपतो.

बूस्ट तेवढाच होता पण हवा तेवढी नव्हती. गेज दाखवतं दाब, वजन नाही. छोटा टर्बो वरच्या आरपीएमला दमतो, हवा तापवतो, आणि त्याचं टर्बाइन एक्झॉस्टला अडवून धरतं, त्यामुळे सिलिंडर नीट रिकामाच होत नाही. मोठ्या टर्बोने त्याच दाबाला थंड, दाट हवा दिली आणि मागची वाट मोकळी केली. हे मला माहीत नव्हतं असं नाही. दुसऱ्याला दहा वेळा समजावलंय. तरी मी बूस्टच्या आकड्यावर भरवसा ठेवला, कारण मालकांना तेच ऐकायचं होतं आणि मलाही काम लवकर उरकायचं होतं.

गार झाल्यावर सहाही स्पार्क प्लग काढले. भिंगाखाली चार स्वच्छ, दोघांच्या पांढऱ्या पोर्सिलिनवर मिरपूड शिंपडल्यासारखे काळे ठिपके. डेटोनेशनची, म्हणजे सिलिंडरमधे मिश्रण आपोआप धडाक्याने पेटल्याची, खूण. चंदेरी कण शोधत राहिलो, कारण चंदेरी म्हणजे ॲल्युमिनियम, म्हणजे पिस्टनने अंग सोडलं. नाही मिळाले. लीकडाउनही (सिलिंडरमधून हवा किती गळते ती चाचणी) सगळीकडे सारखं आलं. वाचलं. पण आणखी एक सेकंद पाय राहिला असता तर काय, ते मी रोज मोजतोय.

मालकांना प्लग दाखवले. ते बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "मी ५५०० च्या पुढे नेणार नाही, शब्द देतो." माणूस सरळ आहे. पण मोकळा रस्ता आणि असं इंजिन असेल तर तो शब्द कोणाकडून पाळला जाईल? माझ्याकडूनही नाही. मी दोन्ही ॲक्च्युएटरचे रॉड लांब करून वेस्टगेट, म्हणजे टर्बोला वळसा घालून धूर सोडणारी झडप, लवकर उघडेल असं केलं, बूस्ट ०.४५ वर आला, मिक्श्चर वरपर्यंत ११.५ च्या आत राहिलं, आणि चावी दिली. म्हणजे एवढा खटाटोप करून गाडी आता वर आधीइतकीच पळते, आणि खाली टर्बो मोठे म्हणून उशिरा उठते. ते त्यांना पहिल्याच दिवशी जाणवलं.

मोठे इंजेक्टर आणि त्यांच्यासाठी ईसीयूचं ट्यूनिंग ठरलंय. आता प्लेनम गाडीतच उघडायचं, डझनभर होस, मागचे बोल्ट चाचपडत. स्टँडवर दोन तासांचं काम होतं.

काल रात्री त्यांचा फोन आला. "साहेब, तोवर रॉड दोन फेरे आत घेता येतील का, थोडंसंच?" मी नाही म्हणालो. या वेळी लगेच म्हणालो.