चाळीस अंक, चार खंड

सेलोटेप मी काढायला नको होती. कुणी सांगितलंही नव्हतं. पण जुनी पिवळी पट्टी दिसली की माझे हात शिवशिवतात, त्याला काय करणार.

इंदूरला खजुरी बाजारात आमचं बाइंडिंगचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. वर्षातले बहुतेक महिने थिसिस, वकिलांच्या फायली आणि ट्रस्टांची रजिस्टरं यांत जातात. थिसिसवाल्यांना पुस्तक उघडतं कसं याच्याशी कर्तव्य नसतं. पाठीवर सोनेरी अक्षरांत नाव आलं की झालं, आणि ते नावही निम्मे जण चुकीचं लिहून देतात. म्हणून रामबागेतल्या त्या गृहस्थांनी पिशवीतून चाळीस कॉमिक्स काढून टेबलावर रचली तेव्हा मला खरंच बरं वाटलं.

गृहस्थ अमेरिकेत असतात, महिन्याभरासाठी घरी आले होते. 'बफी द व्हॅम्पायर स्लेअर' म्हणून पिशाच्चं मारणाऱ्या एका मुलीची टीव्ही मालिका होती. सात सीझन, १४४ भाग, आणि २००३ मध्ये संपली. मग २००७ पासून डार्क हॉर्स या प्रकाशनानं तिचा आठवा सीझन थेट कॉमिक म्हणून काढला, मालिकेचा कर्ता जॉस व्हीडन याच्याच देखरेखीखाली. चाळिसावा अंक जानेवारी २०११चा. हे तिकडे दर अंक विकत घ्यायचे, वाचायचे आणि चार-पाच साठले की इथे बहिणीला पोस्टानं पाठवायचे. आता तिलाच भेट म्हणून बांधून द्यायचे होते. दहा-दहाचे चार खंड, निळं कापड. "आणि मागच्या जाहिराती, वाचकांची पत्रं काढून टाका. ती भांडणं कशाला जपायची?"

मी त्यांना स्टुलावर बसवलं आणि एका अंकाची पिन सोडवून दाखवली. पिन पाठीकडून कधी ओढायची नाही. आधी मधलं पान उघडून आतले दोन्ही पाय सरळ करायचे, मग बाहेरून चपटी पट्टी घालून उचलायची. पंधरा पावसाळे खाल्लेली पिन गंजलेली असते, घाई केली की कागदाचा तुकडा घेऊनच निघते. पिन निघाल्यावर आतला एक एक ताव वेगळा केला. गोष्टीचं पहिलं पान ज्या तावावर, अंकाचं शेवटचं, पत्रांचं पानही त्याच तावावर. पत्र फाडाल तर गोष्टीची सुरुवात सुटी होऊन हातात येईल. गृहस्थांनी तोंड वाकडं केलं, पण म्हणाले, राहू द्या मग.

आता जरा फुशारकी. एवढे गुळगुळीत कागद बहुतेक दुकानांत पाठीकडून कापून गोंदानं चिकटवतात. दोन पानांवर पसरलेलं चित्र मग मध्येच गिळलं जातं, आणि चार वेळा उघडलं की पानं गळायला लागतात. मी जुसबांधणी केली. जुस म्हणजे मधोमध दुमडलेल्या तावांचा गठ्ठा. प्रत्येक अंक म्हणजे एक जुस, मूळ पिनेच्याच भोकांतून आणि त्यांच्या मध्ये आणखी तीन भोकं पाडून शिवलेला. दोरा बारीक घ्यावा लागतो, नाहीतर दहा जुसांत पाठ फुगून बसते. पाठीला मैद्याची खळ, त्यात मोरचूद, वर मलमल. आणि कटिंग मशीनला अजिबात लावलं नाही, कारण चित्रं कागदाच्या काठापर्यंत आहेत. काठ थोडे वर-खाली राहिले. राहू देत.

शिवताना अंक हातात खेळतात तेव्हा कोण कुठे रमलं ते कळतं. पहिल्या दहांचे कोपरे मऊ पडलेले, एकावर हळदीच्या अंगठ्याचा ठसा. बारावा मध्येच वाकलेला, गादीखाली राहिल्यासारखा. एकतीसपासून पुढचे मात्र करकरीत. आमचा कारागीर म्हणाला, "भिया, ये तो पढ़ी ही नहीं किसी ने." मलाही तसंच वाटलं, एकोणचाळिसावा उघडेपर्यंत. त्यात एक पान काठापासून शिवणीपर्यंत तिरकं फाटलेलं आणि दोन्ही बाजूंनी सेलोटेप लावून जोडलेलं.

हेअर ड्रायरनं गरम करत कोपऱ्यावर पाहिलं, पट्टी नीट सुटली. धीर आला. पण असल्या कागदावर शाई आत मुरत नाही, वरच्या थरावर बसते. अर्ध्यात आल्यावर खालच्या चौकटीतला रंग पट्टीबरोबर उठला. हरभऱ्याच्या डाळीएवढा पांढरा डाग. फाटलेलं पातळ टिश्यूनं जोडलं, आता बोट फिरवूनही कळत नाही. डाग मात्र दिसतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताई आल्या. चाळिशीच्या असतील. भावाला न सांगता. चौथा खंड शिवणीच्या चौकटीवरच होता.

"चौथा नाही बांधला तर चालेल का?"

मी म्हटलं, "ताई, सेट आहे. तीन कसे बांधू?" वर्षानुवर्षं दुकानात बसून माणसाची जीभ अशी होते.

मग त्या बसल्या आणि सांगत गेल्या. टीव्हीवर पैसे कमी, म्हणून ती सगळी मंडळी शाळेच्या ग्रंथालयात बसून बोलत राहायची. कागदावर काय, शाईला सगळं सारखंच. म्हणून नायिकेच्या धाकट्या बहिणीला इमारतीएवढी केली, सैन्यं आणली, किल्ला आणला. "मला ते ग्रंथालय हवं होतं." बारावा अंक आईपासून लपवला होता, नायिकेची एका मुलीबरोबरची रात्र होती त्यात. तो त्यांना आवडलाही होता. बिनसलं पुढे. चाळीस अंकांतल्या मुखवटेवाल्या शत्रूचं खरं नाव २०१० च्या सुरुवातीला, तो अंक यायच्या आधीच फुटलं. मुखवट्याखाली होता एंजल, नायिकेचं पहिलं प्रेम. तिकडे वाचक खवळले. इकडे भावानं उत्साहाच्या भरात फोनवर नाव सांगून टाकलं. पोस्टानं अंक आला तेव्हा उघडायला काही उरलंच नव्हतं.

"आणि जाईल्स," त्या म्हणाल्या. मी विचारलं, कोण? ग्रंथालयवाला. जुन्या जाडजूड पोथ्यांतून पिशाच्चांची माहिती काढून देणारा. तेव्हा मला तो कळला, असली माणसं आमची गिऱ्हाइकं. एकोणचाळिसाव्या अंकात एंजल, स्वतःच्या ताब्यात नसताना, त्याची मान मोडतो. त्या रात्री ताईंनी ते पान टरकावलं. सकाळी चिकटवलं, कारण अंक भावाचे होते, कधीतरी परत मागेल. तो दर वेळी विचारायचा, कसा वाटला? या म्हणायच्या, छान.

आणि मग त्यांनी चौकटीवरून तो जुस हळूच उघडला. "इथे पट्टी होती ना?"

"काढली मी. थोडा रंग गेला. चूक माझी."

त्यांनी जोडावरून बोट फिरवलं, वर-खाली, दोनदा.

"मग आता त्याला कळणारच नाही," म्हणाल्या.

सुटका झाल्यासारखं म्हणाल्या की काही हातचं गेल्यासारखं, ते मला तेव्हाही उमगलं नाही, अजूनही नाही. पाणी विचारलं तर नको म्हणाल्या. उठून गेल्या.

शनिवारी गृहस्थ आले. पाठी बघितल्या, खंड सपाट उघडतात म्हणून खूश झाले. चौथा चाळता चाळता त्या डागापाशी थांबले. खंड उजेडाकडे धरला.

"हा छपाईतलाच दोष दिसतोय, नाही का?"

मी म्हटलं, हो.