एका अंगात दोघं, आणि कंट्रोलर आपल्या हातात

"मॅडम, गेममधी दाखवतात तसं एका माणसात दोन-तीन माणसं खरंच असतात काय ओ?"

कोल्हापुरात राजारामपुरीत मी समुपदेशन करते आणि रात्री थोडा वेळ गेमही खेळते. हे एकदा पोरांना कळलं की हा प्रश्न ठरलेलाच. आईवडिलांचा प्रश्न जरा वेगळा असतो: "पोरगं रात्रभर तेच खेळतंय, त्याच्या अंगात काय शिरणार न्हाई न्हवं?" नाही शिरणार. झोप तेवढी जाईल. पोरांचं उत्तर मात्र एका वाक्यात होत नाही. सगळेच विचारतात म्हणून लिहूनच टाकते.

असा आजार आहे. डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर, म्हणजे डीआयडी. 1994 पर्यंत अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत सूचीत त्याला मल्टिपल पर्सनॅलिटी म्हणत. बहुतेक रुग्णांच्या मागे लहानपणीचा दीर्घ, पुन्हा पुन्हा झालेला छळ सापडतो. ज्या वयात 'मी' अजून जुळायचा असतो, त्याच वयात तो जुळू दिला जात नाही. पण आवाज बदलला, डोळे फिरले, असला तमाशा क्वचितच दिसतो. रुग्ण सांगतो ते असं: मधले दोन तास कुठं गेले कळत नाही, कपाटात आपण न घेतलेले कपडे सापडतात, अनोळखी माणूस ओळख दाखवतो. आजूबाजूच्यांना काही पत्ता नसतो, आणि तो लागू नये म्हणून रुग्णच धडपडत असतो.

गेमवाल्यांना हे लपणं नको असतं, त्यांना बदलणं हवं असतं. 2010 च्या 'डांगनरोंपा'तली टोको फुकावा बघा. रक्त दिसलं की बेशुद्ध, शिंक आली की खुनी. हसू येतं, पण दुसरं व्यक्तिमत्त्व म्हणजे खुनी हे गणित या गेमनं सिनेमातून जसंच्या तसं उचललंय, आणि मला त्याचा खरा राग येतो. माझ्या समोर बसणाऱ्या माणसांकडून दुसऱ्याला धोका असण्यापेक्षा त्यांचा स्वतःच्या जिवाला धोका कितीतरी जास्त असतो. 'किलर7' (2005) निदान प्रामाणिक आहे. स्मिथ नावाचे सात मारेकरी, एक भिंत फोडतो, एक अदृश्य होतो, एक कुलपं उघडतो, आणि आपण मेन्यूतून हवा तो निवडायचा. आजाराशी याचा संबंध नाही आणि तसा आवही ते आणत नाहीत. माझी काही तक्रार नाही.

आपल्याकडं मात्र एका अंगात दुसरं कुणी येणं हे काही नवीन नाही. जोतिबाच्या यात्रेत हलगी घुमायला लागली, सासनकाठ्या नाचायला लागल्या की कुणाच्या तरी अंगात येतंच. नवरात्रात गल्लीत एखादीच्या अंगात आलं तर भोवतालच्या बायका पळत नाहीत. कुंकू लावतात आणि विचारतात, "कोण आलंस? काय पायजे? आमचं काय चुकलं?" हा आजार नव्हे. त्याच अमेरिकी सूचीच्या 2013 च्या आवृत्तीनं डीआयडीच्या व्याख्येत 'अंगात येणं' घेतलं, पण रूढ धार्मिक प्रथेचा भाग असेल ते आजारात धरायचं नाही, असंही तिथंच लिहिलं. (भूत काढतो म्हणून बांधून मारणारे देवऋषी ही वेगळी जात. त्याच वर्षीच्या जादूटोणाविरोधी कायद्यानं तो गुन्हा ठरवलाय. तेव्हा मी प्रथेचे गोडवे गातेय असं समजू नका.)

मला महत्त्वाचं वाटतं ते त्या बायकांचं विचारणं. डीआयडीच्या उपचारातही साधारण हेच करतात. आतल्या कुठल्याच हिश्शाला हाकलायचं नाही, 'मारायचं' तर अजिबात नाही. तो कशासाठी आला, कुणाला वाचवत होता हे विचारायचं आणि सगळ्यांचं आपापसात बोलणं सुरू करून द्यायचं. गेमला मात्र दुसरा दिसला की बहुधा एकच सुचतं: बॉस फाइट, म्हणजे बड्या शत्रूशी मोठी मारामारी.

म्हणून मी पोरांना 'सायबरपंक 2077' सांगते. तिथं आजार नाही, डोक्यात बसवलेली चिप आहे आणि तिच्यात जॉनी सिल्व्हरहँड नावाचा मेलेला रॉकस्टार. तो व्हीचा, म्हणजे आपण खेळतो त्या पात्राचा, मेंदू हळूहळू गिळतोय. तरी सगळा गेम दोघं भांडतात, चिडवतात, सौदे करतात. एका रात्री व्ही गोळी घेऊन शरीर त्याच्या ताब्यात देते. आपल्याला त्या रात्रीचे नुसते तुकडे दिसतात, आणि मग ती मॉटेलच्या खोलीत जागी होते, हातावर नवा टॅटू. आपला कंट्रोलर, आपलं पात्र, आणि मधली रात्र आपल्याला माहीत नाही! सिनेमा हे लांबून दाखवू शकतो. इथं ती रात्र आपल्याच हातून निसटते.

पण एकच सांगा म्हणालात तर 1998 चा 'झेनोगिअर्स'. (पुढं शेवट फुटतो.) फेईच्या आत इड आहे, शहरं बेचिराख करणारा. म्हणजे पुन्हा तेच, संहारक दुसरा. पण हा गेम कारणापर्यंत जातो. आईनंच लहान फेईवर प्रयोग होऊ दिले आणि ते सगळं इडनं सोसलं. फेई त्याला हरवून सुटत नाही. आईनं शेवटी आपल्याला वाचवायला जीव दिला, ही इडपर्यंत कधी पोचलीच नव्हती ती आठवण त्याच्यापर्यंत पोचते, तेव्हा दोघं एक होतात.

या गेमच्या दुसऱ्या डिस्कवर खेळणं कमी होतं आणि पात्रं खुर्चीत बसून गोष्ट सांगत राहतात, म्हणून चाहते पंचवीस वर्षं कुरकुर करतायत. मला तोच भाग आवडतो. खुर्चीत बसून माणूस थांबत थांबत आठवणी सांगतोय, हे माझ्या खोलीत रोज चालतं.