झाकणाचं फुगलेलं रबर

ड्रायव्हरचा फोन आला तो माळशेज घाटातून. "मामा, पेडल पार तळाला गेलं. डोंगराच्या अंगाला घासत गाडी थांबवली. आता अर्ध्या तासानं पेडल परत कडक लागतंय." मी विचारलं, ब्रेक ऑइल गळतंय का? म्हणाला, थेंब नाही. नारायणगावात गॅरेजमध्ये बसून मी त्या पोराला सांगितलं, "मग ब्रेकला काही झालेलं नाही, तू घाबरला असशील." हे बोललेलं अजून टोचतं.

गाडी 2011 ची पिकअप, टोमॅटोचे क्रेट घेऊन कल्याणला जाणारी. त्या महिन्यात ती माझ्याकडे दोनदा येऊन गेली होती. ब्रेक जाम होतात, म्हणून मी मास्टर सिलेंडरची, म्हणजे पेडलचा दाब ऑइलवाटे चाकांकडं धाडणाऱ्या नळकांड्याची, रबरांची किट टाकली. पंधरा दिवसांत तेच. मग मी स्पेअरवाल्याशी डुप्लिकेट किटवरून भांडलो आणि दुसरी टाकली. मधे गाडी पासिंगही झाली. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस लागतं, पण रिकामी गाडी, थंड ब्रेक. त्यात घाटातलं दुखणं कसं दिसणार?

टोचन करून गाडी आणली. चारही चाकं उचलली, पेडल मारून सोडलं. एकही चाक हातानं फिरेना. मास्टर सिलेंडरचे पाईपचे नट जरासे सैल केले, तर ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाकं मोकळी झाली. म्हणजे चाकांकडं दोष नव्हताच, प्रेशर वरच अडकत होतं.

पिस्टन काढायला घाम फुटला. पंधरा दिवसांपूर्वी मीच घातलेला पिस्टनचा रबरी वॉशर नव्या वॉशरशेजारी ठेवला, तर नुसत्या डोळ्यांना मोठा दिसत होता. पेडल सोडल्यावर ऑइल टाकीत परत जायला सिलेंडरमध्ये सुईच्या टोकाएवढं भोक असतं. फुगलेल्या वॉशरनं ते बुजवलं होतं. मग पाय काढला तरी ब्रेक थोडा लागलेलाच राहतो. चाकं तापतात, ऑइल तापून वाढतं, त्याला वाट नाही, ब्रेक आणखी आवळतो. शेवटी चाकापाशी ऑइल उकळतं. वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही, म्हणून पेडल तळाला. थंड झालं की वाफ विरते आणि पेडल कडक. पोरगा अक्षरशः खरं सांगत होता. ओतूर सोडल्यापासून गाडी ओढत नव्हती, हेही त्यानं सांगितलं होतं.

काचेच्या ग्लासात पाणी घेऊन टाकीतलं ऑइल त्यात ओतलं. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जातं. इथं वर तेलाचा तवंग आला. कुणीतरी कधीतरी स्टिअरिंगचं नाहीतर इंजिनाचं ऑइल टॉपअप केलं होतं, आणि ब्रेकची रबरं त्यानं फुगतात. कुणी, ते कळलं नाही. गाडी तीन ड्रायव्हरांच्या हातून गेलेली. पण माझ्या दोन्ही किट त्याच ऑइलमध्ये भिजत होत्या. आणि पहिल्याच दिवशी टाकीच्या झाकणातलं रबर फुगून बाहेर आलेलं मी पाहिलं होतं. अंगठ्यानं आत दाबलं आणि झाकण लावलं. ब्रेकच्या कामात तीस वर्षं काढलेल्या माणसानं!

मालक म्हणाला, "परत किट टाका, सीझन चालू आहे." केबिनमध्ये त्यानं स्पीकर नवे बसवले होते. मी सांगितलं, तसं करायचं असेल तर गाडी दुसरीकडं न्या. मास्टर सिलेंडर, पुढच्या कॅलिपरची रबरं, मागचे व्हील सिलेंडर, सगळे होज, ॲक्सलवरचा लोडचा व्हॉल्व्ह (मालाच्या वजनाप्रमाणे मागचा ब्रेक कमीजास्त करणारा), जिथं जिथं रबर आहे ते सगळं बदललं. लोखंडी पाईप स्पिरिटनं धुऊन हवेनं सुकवले. मजुरी घेतली नाही.

पहिल्या भरल्या खेपेला ड्रायव्हर म्हणाला, "मामा, तुम्ही शेजारी बसा." बसलो. घाटात तो बोलला नाही, मीही नाही. मोरोशीला गाडी बाजूला घेतली. मी उतरून चारही चाकांजवळ हात नेला. जोडीतल्या दोन्ही चाकांना सारखीच धग. जॅक लावून पुढचं चाक ढकललं, ते मोकळं फिरलं. मग तो पोरगाही खाली उतरला आणि त्यानं स्वतःच्या हातानं ते पुन्हा फिरवून पाहिलं.