अचानक येणारे खर्च म्हणे

आमची शाखा भोसरीत, सहकारी बँक, एमआयडीसीतल्या कामगारांची पगाराची खाती भरपूर. मार्चमधे आमच्याकडे मान वर करायला वेळ नसतो आणि त्यातच एक जोडपं पर्सनल लोनला आलं. मूळचे चिपळूणकडचे, नवरा फिटर, हातात क्रेडिट कार्डाचं स्टेटमेंट, बाकी 80,000. दर महिन्याला न चुकता मिनिमम ड्यू, म्हणजे कमीत कमी भरायचे ते 4,000 भरतोय मॅडम तरी आकडा हलत नाही, बँकावाले चोर नुसते. (मी गप्प.)

कॅल्क्युलेटर त्यांच्यासमोरच ठेवला. महिना साडेतीन टक्के म्हणजे व्याज 2,800, त्यावर 18 टक्के जीएसटी 504, झाले 3,304. म्हणजे 4,000 मधले जेमतेम 700 मुद्दलात. आणि मागची बाकी असताना कार्डावर किराणा जरी घेतला तरी पहिल्या दिवसापासून मीटर चालू, ते बिनव्याजी दिवस वगैरे तेव्हा मिळत नाहीत, हे निम्म्या लोकांना माहीतच नसतं.

एवढी बाकी झालीच कशी म्हटलं तर हे म्हणतात, अचानक खर्च येतात हो. तेवढ्यात ताईंनी पिशवीतून गुंडाळी केलेलं गेल्या वर्षीचं कालनिर्णय काढलं. दुधाचे खाडे, गॅस कधी लावला, भिशीचा नंबर, सगळं बारीक पेनाने चौकटीत लिहिलेलं. जूनमधे फी नि वह्यापुस्तकं 22,000, गणपतीला गावी 15,000, दिवाळी 12,000, जानेवारीत विम्याचा हप्ता 17,000. बेरीज 66,000. आता यात अचानक काय आहे सांगा, जून काय न सांगता येतो का? महिन्याला साडेपाच हजार बाजूला पडायला हवे होते, ते पडत नव्हते म्हणून दरवेळी कार्ड घासलं जात होतं.

पर्सनल लोन दिलं असतं तर माझं टार्गेट झालं असतं पण चार वर्षं हप्ता त्यांच्या मानगुटीवर. घरात सोनं आहे का विचारलं. पाटल्या आहेत, ताई पटकन म्हणाल्या. नवऱ्याचा चेहराच पडला, सोनं गहाण टाकायचं म्हणजे, आई काय म्हणेल?

"अहो कपाटात तर पडून आहेत त्या. आणि आईंना सांगणारे कोण?"

पाटल्या तारण ठेवून 80,000 चं कर्ज, दहा टक्क्यांनी, वर्षभराच्या हप्त्यावर, महिना साधारण 7,030 बसले. कार्डाला जाणाऱ्या 4,000 च्या वरचे तीन हजार आणायचे कुठून यावरच खरा वेळ गेला. मोबाईलचा 2,100 चा ईएमआय एप्रिलमधे संपत होता, ते धरले. भिशीचा नंबर जूनला बदलून घ्यायचा, फी त्यातून. दिवाळी आणि विमा बोनसमधून. मी म्हटलं यंदा गणपतीला नाही गेलात तर? दोघांनी माझ्याकडे असं बघितलं की मी कोकणातल्या माणसाला हे परत कधी विचारणार नाही. शेवटी भाड्याची गाडी नको, एसटीने जायचं यावर तोडगा निघाला.

कार्डाचे पैसे भरले त्या दिवशी नवरा कात्री मागायला लागला. म्हटलं कापून काही होत नाही, खातं चालूच राहतं आणि वार्षिक फी लागत राहते. बाकी शून्य झाली की बंद करायचा अर्ज द्या, 7 कामकाजाच्या दिवसांत बंद केलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाने दिवसाला 500 रुपये दंड कार्डवाल्या बँकेने तुम्हाला द्यायचा. ताईंनी लगेच कागद मागितला, म्हणाल्या मॅडम तुम्ही सांगा, मी इथेच लिहिते, घरी गेल्यावर हे विसरतील.