निवांत बसलं की अडकणारं मशीन

तक्रार विचित्र होती. कॉम्प्युटर कामात असताना ठणठणीत, आणि जरा निवांत बसला की अडकायचा. बंद पडायचा नाही. माउसचा बाण फिरत राहायचा, पण क्लिक केलेलं काहीच उघडायचं नाही. कॅबिनेटवरचा डिस्कचा दिवा न लुकलुकता एकसारखा पेटलेला. अर्धंएक मिनिट गेलं की अडून राहिलेल्या सगळ्या क्लिक एकदम लागू पडायच्या आणि पुढे जणू काही झालंच नाही.

माझ्याआधी दोघांनी दुरुस्तीचा प्रयत्न केला होता. एकाने विंडोज नव्याने टाकलं, दुसऱ्याने साटा केबल, म्हणजे डिस्क मदरबोर्डला जोडणारी वायर, बदलली. दोघांनीही निघताना मोठमोठ्या फायली कॉपी करून दाखवल्या, बेंचमार्क, म्हणजे वेगाची चाचणी, चालवला आणि एसएसडी, म्हणजे आतली चिपवाली डिस्क, उत्तम असल्याचा निर्वाळा दिला. ज्यांचं मशीन होतं त्या बाई हिशेबाचं काम करतात. त्या म्हणाल्या, "तुम्ही लोक समोर बसलात की ते शहाण्यासारखं वागतं. मी फोनवर बोलून परत वळले, की हटकून अडकलेलं असतं."

मला वाटतं, निदान या वाक्यातच होतं. फोनवर बोलताना त्या मशीनला काहीच काम देत नव्हत्या.

विंडोजच्या नोंदी दाखवणारा इव्हेंट व्ह्यूअर उघडला. सिस्टम लॉगमध्ये १२९ क्रमांकाच्या वॉर्निंग ओळीने उभ्या होत्या, सोर्स 'स्टोरएएचसीआय', म्हणजे साटा डिस्कशी बोलणारा विंडोजचा ड्रायव्हर. म्हणजे विंडोजने डिस्ककडे काहीतरी मागितलं, ठरलेल्या वेळात उत्तर आलं नाही, म्हणून ड्रायव्हरने पोर्ट रिसेट केला. वेळा बघितल्या तर रात्रीच्या बॅकअपच्या तासात, जेव्हा डिस्क सर्वांत जास्त राबते, एकही नोंद नाही. सगळ्या नोंदी रेंगाळलेल्या दुपारच्या. स्मार्टमध्ये, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदीत, १९९ क्रमांकाचा आकडा, म्हणजे वाटेत डेटा बिघडल्याच्या चुका, शून्य. केबल खराब असती तर तो बहुतेक चढलेला दिसला असता.

डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधली साटाची लिंक काम नसलं की डुलकी घेते. हलकी डुलकी 'पार्शियल', गाढ झोप 'स्लंबर'. पहिलीतून जागं व्हायला जास्तीत जास्त १० मायक्रोसेकंद आणि दुसरीतून १० मिलिसेकंद, अशी मर्यादा साटाच्या नियमांत आहे. झोपायचं हे कंट्रोलरने, म्हणजे मदरबोर्डवरच्या डिस्क सांभाळणाऱ्या चिपने, ठरवलं तर त्याला हिपम म्हणतात, डिस्कने स्वतः मागितलं तर डिपम. दोन्ही बाजूंचं जुळलं तर कोणाला पत्ताही लागत नाही. पण काही एसएसडी आणि काही कंट्रोलर यांच्या जोडीत झोपलेली लिंक वेळेवर उठतच नाही, आणि मग रिसेट करून उठवावी लागते. बेंचमार्क चालू असताना लिंक झोपतच नाही, त्यामुळे तिथे हा दोष सापडणं अशक्य. आमच्या धंद्यात मशीनवर भार टाकून तपासायची सवय इतकी अंगवळणी पडली आहे की रिकामं ठेवून तपासायचं कोणाला सुचत नाही.

पॉवर ऑप्शन्समध्ये 'टर्न ऑफ हार्ड डिस्क आफ्टर' कोणीतरी आधीच 'नेव्हर' केलं होतं. त्याचा उपयोग झाला नाही, कारण ती गोष्टच वेगळी. ती मिनिटांच्या हिशेबात अख्खी डिस्क थांबवते. लिंकच्या डुलकीची सेटिंग त्या यादीत दिसत नाही, विंडोज ती लपवून ठेवतं. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडला, पॉवरसीएफजी या विंडोजच्या वीज-सेटिंगच्या साधनाच्या 'ॲट्रिब्यूट्स' कमांडला डिस्कच्या गटाचा आणि त्या सेटिंगचा असे दोन लांबलचक ओळखक्रमांक दिले आणि शेवटी 'ॲट्रिब हाइड'च्या आधी वजाचं चिन्ह टाकलं. ते चिन्ह टाकायचं राहून गेलं तर पुन्हा लपवल्यासारखं होतं. ॲडव्हान्स्ड सेटिंग्जची खिडकी बंद करून उघडल्यावर हार्ड डिस्कखाली नवी ओळ हजर: एएचसीआय लिंक पॉवर मॅनेजमेंट. तिथे हिपम निवडलेलं होतं, ते 'ॲक्टिव्ह' केलं. म्हणजे लिंकने झोपायचंच नाही. डेस्कटॉपवर त्याने वाढणारा विजेचा खर्च इतका किरकोळ की त्याचा विचारही करू नये.

खरा इलाज एसएसडीच्या नव्या फर्मवेअरचा, म्हणजे डिस्कच्या आतल्याच सॉफ्टवेअरचा. पण त्या मॉडेलसाठी नवं फर्मवेअर आलेलंच नव्हतं.

मग बाईंना सांगितलं, "आता तुमचे राहिलेले फोन उरकून घ्या." त्या हसल्या, पण बराच वेळ बोलत बसल्या. मशीन रिकामं, मी लॉगकडे बघत. एकही १२९ नाही. पुढच्या आठवड्यात दुरून लॉग पाहिला, तेव्हाही स्वच्छ. एवढं मात्र बजावून ठेवलं, की ही सेटिंग प्रत्येक पॉवर प्लॅनची, म्हणजे विंडोजमधल्या वीज-सेटिंगच्या प्रत्येक संचाची, वेगळी असते. प्लॅन बदलला तर दुखणं परत येऊ शकतं.

निघताना त्यांनी लॅपटॉप पुढे केला. "यातही तेवढं करून टाका ना." मी नाही म्हटलं. त्यातली डिस्क एनव्हीएमई या वेगळ्या जातीची होती, तिला साटाची लिंकच नाही. तिच्या झोपेच्या सेटिंग वेगळ्या, त्याही लपलेल्या. पण लॉगमध्ये डिस्कची एकही तक्रार नसताना त्यांना हात लावला असता तर फक्त बॅटरी लवकर उतरली असती.