या फोटोला हार का नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. सोलापुरात साखर पेठेतल्या माझ्या शिलाईच्या दुकानात कटिंगच्या टेबलावर दोन फोटो आहेत. एक वडिलांचा, त्याला हार. दुसरा वर्तमानपत्रातून कापून फ्रेममध्ये बसवलेला, त्याला नाही. शाळेचे गणवेश शिवायला टाकणारी गिऱ्हाइकं मान वर करून विचारतातच, "हे कोण तुमचे? यांना हार का नाही ओ?"

ते फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे. आमच्या नात्यागोत्यातले नाहीत. 5 डिसेंबर 1971 ला पाकिस्तानात शोरकोट रोडजवळ हल्ल्यावर असताना त्यांचं सुखोई-7 पडलं. त्याच दिवसांत तिकडच्या एका वृत्तपत्रात जिवंत पकडलेल्या भारतीय वैमानिकांची बातमी आली, तीत एक नाव होतं 'टॉम्बे'. या टॉम्बेचा तांबे कसा होतो, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. पाकिस्तान मात्र म्हणत राहिलं, असा कैदी आमच्याकडे नाही. त्या युद्धाचे 93,000 कैदी आपण परत पाठवले. आपले 54 जण अजून बेपत्तांच्या यादीत आहेत, तांबे त्यांतलेच.

त्यांच्या पत्नी दमयंती तांबे बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या. लग्नाला जेमतेम दीड वर्ष झालं होतं. 2007 साली, 36 वर्षांनी, त्या इतर बेपत्तांच्या नातलगांबरोबर पाकिस्तानातले तुरुंग बघून आल्या. हाती काही लागलं नाही. त्या वयात, परक्या मुलखात, तुरुंगाच्या दारात उभं राहायचं म्हणजे काय असेल, याचा विचार मनात आला की माझी कात्री थांबते.

सोलापूरकराला हार नवा नाही. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे, आपल्या चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांना 12 जानेवारीला हार पडतात. 1931 मध्ये येरवड्यात त्यांना फाशी झाली तो हा दिवस. मीही जातो. पण हाराला तारीख लागते. तांब्यांची कुठली धरू? 5 डिसेंबर ही विमान पडल्याची तारीख, माणूस गेल्याची नव्हे. ते कात्रण वडिलांनी कापलेलं. "खबर आल्याबिगर हार घालायचा नाही," एवढंच ते बोलले होते.

5 डिसेंबरला सकाळी मी तांब्यांची फ्रेम खाली उतरवतो आणि काचेवर बसलेलं कापडाचं तूस पुसतो. गेल्या वर्षी हारवाल्याच्या पोरानं आपणहून दोन हार आणले. दोन्ही वडिलांच्याच फोटोला घातले.